हात खाली

४ जुलै

प्रिय धाकटे,

पंधरा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मीही बरी आहे, गुडघे सोडले तर. कामाचं एक विचारायचंय, तेवढ्यापुरतंच लिहितेय. तुझा पत्ता आपल्या शाळेतल्या तिसरीच्या बाईनं दिला. कशाला हवाय असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं काहीच विचारलं नाही. जुन्या पाकिटाच्या मागे लिहून दिला, पिनकोडसकट. पाठ होता तिला.

झालं असं की गेल्या आठवड्यात शाळेचे अध्यक्ष आणि हल्लीचे मुख्याध्यापक घरी आले. दोघंही खुर्चीच्या कडेवर बसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. तिसरीच्या पालकांची तक्रार आहे म्हणे. बाकीचे सगळे वर्ग बहिऱ्या मुलांना बोलायला आणि ओठ वाचायला शिकवतात, आणि ही एकटी बाई दिवसभर हातांनी शिकवते. बाई स्वतः बहिरी, त्यामुळे तिला टोकायचं कसं हाही प्रश्न. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा ते बावीस तारखेच्या सभेत ठरायचं आहे. "तुम्ही तेहतीस वर्षं मुलांना बोलतं केलंत," अध्यक्ष म्हणाले. "आठ दिवस वर्गात मागे बसा आणि अहवाल द्या. तुमचा शब्द शेवटचा."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ते दोघं जिना उतरेपर्यंत अहवालाचा पहिला परिच्छेद माझ्या डोक्यात तयारही झाला होता.

विचारायचं ते असं. ती बाई लहानपणी तुझ्या वर्गात होती, तेव्हा तिची पद्धत तुझीच असणार. त्या पद्धतीला काही नाव आहे का? एखादं पुस्तक? असेल तर कळव, अहवालात नेमकं लिहिता येईल.

त्या वेळी आपल्यात जी थोडी बोलाचाली झाली ती मी विसरले आहे. तूही विसरली असशील.

तुझी,
ताई

१० जुलै

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. आलंच पाहिजे असंही नाही. पण तिसरीच्या वर्गात मी आता तीन दिवस बसलेय आणि जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. सांगून कळेल असं माणूस तू एकटीच.

आठ मुलं. बाकं अर्ध्या गोलात, कारण एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. माझ्या वेळी बाकं रांगेत असायची आणि सगळ्यांची तोंडं माझ्या तोंडाकडे. ही बाई लक्ष वेधून घ्यायला दिव्याचं बटण दोनदा खालीवर करते, नाहीतर पाय आपटते. जमीन लाकडी आहे, मुलांना तळव्यातून कळतं. मुलं तिला भुवई म्हणतात, म्हणजे भुवईला बोट लावलं की ती. प्रश्न विचारताना तिच्या भुवया अशा काही चढतात की भिंतीवरच्या नकाशालाही उत्तर द्यावंसं वाटेल. मीही तिला आता मनात भुवईच म्हणते.

पहिल्या दिवशी तिनं ओल्या हाताचा पंजा टेबलावर उमटवला आणि नुसती बघत उभी राहिली. पंजा हळूहळू नाहीसा झाला. भुवया वर. पाणी कुठे गेलं?

आणि मग जो गोंधळ माजला! आवाज जवळजवळ नाही, पण गोंधळ. एक म्हणतो टेबलानं पिऊन टाकलं. दुसरा म्हणतो पंख्यानं नेलं. एक मुलगी आहे, तिच्या खिशात सतत काहीतरी असतं, बटण, दगड, खडूचा तुकडा, म्हणून तिचं नावच खिसा पडलंय. ती उठून सरळ पंखा बंद करून आली. म्हणाली, आता बघू. हे सगळं मला भुवईनं पाटीवर लिहून सांगितलं, नाहीतर मला एक अक्षर कळत नव्हतं. आठ मुलं बोलत होती, भांडत होती, एकमेकांची चूक काढत होती, आणि वर्गात बहिरी मी एकटी.

उत्तर तिनं दिलंच नाही. मी वाट बघत होते, आता फळ्यावर लिहील. तिनं विचारलं, टेबल पाणी पितं की नाही हे कसं शोधाल? पाच मिनिटं विचार करून खिसा म्हणाली, काच. काच पाणी पीत नाही. मग एक ओला पंजा टेबलावर, एक खिडकीच्या काचेवर, आणि एक टेबलावरच पण पालथ्या वाटीखाली. दोन पंजे गेले. वाटीखालचा राहिला, आणि वाटीला आतून बारीक थेंब जमले होते. एका मुलानं त्या थेंबांकडे बोट दाखवून जे सांगितलं ते भुवईनं पाटीवर जसंच्या तसं लिहिलं: "ते बाहेर जायला निघालं होतं."

तिसरीतलं मूल, धाकटे. मी ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं.

हाच धडा मी कसा शिकवायचे ते तुला ठाऊक आहे. "पाण्याची वाफ होते." तीन शब्द, तीन आठवडे. एकेकाला आरशापुढे बसवायचं आणि मेणबत्ती लावायची. "वाफ" म्हणताना ज्योत हलली की "फ" बरोबर. ज्योत हलली की मी टाळ्या वाजवायचे.

काल मी मुद्दाम आपल्या त्या शिंप्याच्या दुकानात गेले. माझा सगळ्यात चांगला "फ" त्याचाच होता. आता केस पिकायला लागलेत. मी विचारलं, "वाफ म्हणजे काय रे, आठवतं का शाळेतलं?" तो हसला. इस्त्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते हिनं शिकवलं, बाई. शाळेत मला वाटायचं वाफ म्हणजे मेणबत्ती विझवणं."

मीही हसले. रस्त्यावर आल्यावर हसू गेलं.

पण त्यानं आणखीही एक सांगितलं, तेही लिहायला हवं. "माझं दुकान माझ्या बोलण्यावर चालतं," म्हणाला. "गिऱ्हाईक मापं सांगतं, मी तोंडानं उत्तर देतो. तुमचे उपकार आहेत." म्हणजे सगळंच मातीत गेलं असंही नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहितेय का, ते तू ठरव.

ताई

१५ जुलै

प्रिय धाकटे,

आज माझं नाव कळलं.

मुलांना मी आता पाहुणी वाटत नाही. मधल्या सुट्टीत ती मला शिकवतात. परवा मी माझं वय सांगायला गेले आणि मला चौसष्ट मुलं आहेत असं सांगून बसले. खिसा हसून हसून बाकाखाली गेली. आज मी भुवईला विचारलं, मुलं आपसांत मला काय म्हणतात? ती टाळत होती. मी हट्ट धरला. शेवटी तिनं एक हात वर उचलला आणि दुसऱ्या हातानं तो खाली दाबला.

हात खाली.

हे या मुलांनी पाडलेलं नाव नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, या आठ जणांनी मला कधी वर्गात पाहिलेलंही नाही, आणि तरी जिन्यातल्या माझ्या फोटोकडे बघून ती हीच खूण करतात. तेहतीस वर्षं माझ्या नाकासमोर मुलं मला या नावानं हाक मारत होती आणि मला वाटायचं, चुळबुळ करतायत.

तुला माहीत होतं ना? असणारच.

सकाळी खिसाची आई भेटायला आली होती. तक्रार करणाऱ्यांत ती पुढे आहे. मला वाटलं होतं भांडखोर असेल. कारखान्यात पॅकिंगचं काम करते, शिफ्ट सुटल्यावर तशीच आली होती, हाताच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे. म्हणाली, "बाई, मुलगी हुशार झालीय, मला दिसतंय. घरी येते, हात हलवते, काहीतरी सांगते, हसते. मला काही कळत नाही. माझ्याच घरात मी पाहुणी. मला फक्त एकदा तिच्या तोंडून आई ऐकायचंय. चूक आहे का?"

मी म्हटलं, चूक नाही. मी अशा शेकडो आयांना वचनं दिली आहेत. आज एकही दिलं नाही.

दुपारी मी एक गोष्ट केली. एक छोटीशी कथा लिहिली, कुत्रा हरवतो आणि सापडतो एवढीच. ती पाचवीला तोंडानं सांगितली, जशी आपण सांगतो तशी, सावकाश, उजेडाकडे तोंड करून. भुवईनं तीच तिसरीला हातांनी सांगितली. मग दोन्ही वर्गांना म्हटलं, काय घडलं ते लिहा किंवा काढा. पाचवीच्या मुलांनी छान अक्षरात "कुत्रा", "घर", "मुलगा" असे शब्द लिहिले. तिसरीच्या मुलांचं शुद्धलेखन दिव्य होतं. पण एकानं लिहिलं होतं, कुत्रा हरवला नव्हता, तो कंटाळला होता. एकानं विचारलं होतं, कुत्र्यानं मुलाला शोधलं की मुलानं कुत्र्याला? मी रचलेल्या कथेत हा प्रश्न मला पडला नव्हता.

पाचवीचा दोष नाही, त्यांच्या बाईंचाही नाही. त्या माझ्याच हाताखाली शिकल्या.

आता एक जुनं. तू सहा वर्षांची होतीस. मामा गावी परत गेले आणि तू शाळेतून आल्यावर मी तुला आरशासमोर बसवून, नीट ओठ हलवून सांगितलं, "मामा गेले." तू दिवसभर जेवली नाहीस. कोपऱ्यात बसून राहिलीस. संध्याकाळी बाबा कामावरून दारात आले आणि तू अशी ओरडलीस की शेजारी धावून आले. ओठांवर "मामा" आणि "बाबा" यांत काडीचा फरक नाही, हे मला पुढे कॉलेजात शिकवलं. पण त्या संध्याकाळी मला कळलं होतं. घरातल्या आपल्या खुणेनं, मिशीला हात लावून, मी अर्ध्या क्षणात सांगू शकले असते की मामा. पण तेव्हा आपण खुणा बंद केल्या होत्या. मीच बंद केल्या होत्या. आणि पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा भाषणांत विनोद म्हणून सांगितला. लोक हसायचे.

ताई

२३ जुलै

प्रिय धाकटे,

काल सभा झाली. क्रमानं सांगते, नाहीतर मी स्वतःला सोयीचं तेवढंच सांगेन.

अध्यक्ष, मुख्याध्यापक, समितीचे तिघं, सात पालक, भुवई आणि मी. सुरू होऊन दहा मिनिटं झाली तेव्हा माझं भुवईकडे लक्ष गेलं. सगळे एकदम बोलत होते, कुणी फायलीत तोंड घालून, कुणी चहाचा कप तोंडाशी धरून, आणि ती या तोंडावरून त्या तोंडावर नजर फेकत होती. तिच्या वर्गाचा निकाल लागत होता आणि तिलाच तो कळत नव्हता. मी तेहतीस वर्षं सभा घेतल्या, तू त्यांतल्या बारा सभांना होतीस, आणि हे मला कधी दिसलं नाही.

मी उठले. म्हटलं, "एका वेळी एकच बोलेल. हात वर करून. आणि प्रत्येकाचं बोलणं मी फळ्यावर लिहीन. लिहून झालं की पुढचा." अध्यक्ष म्हणाले, "बाई, असं तर संध्याकाळ होईल." मी म्हटलं, "होऊ दे."

सव्वादोन तास मी खडू घेऊन उभी होते. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. पण गंमत सांगू का, लिहावं लागतंय म्हटल्यावर लोक निम्मं बोलणं आपोआप गाळतात. भुवईनं आपलं म्हणणं कागदावर लिहून दिलं आणि मी ते मोठ्यानं वाचलं. तिनं स्वतःची बाजू मांडलीच नव्हती. प्रत्येक मुलाबद्दल चार-चार ओळी होत्या. जूनमध्ये काय येत होतं, आता काय येतं, काय अजून येत नाही आणि ते तिच्या स्वतःच्या कुठल्या चुकीमुळे. असा कागद मी मुख्याध्यापक असताना माझ्याकडे कुणी दिला नाही, आणि मीही कुणाला दिला नाही. वाचता वाचता मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही. अभिमानावर माझा हक्क नव्हता. तो तुझा.

मग अहवाल. आठ दिवसांचं काम होतं, मी बारा दिवस बसले. वाटी, काच, कुत्रा, मेणबत्ती, सगळं सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "पण मॅडम, तुमच्याच बहिणीनं दहाव्या वर्षी स्नेहसंमेलनात आठ ओळींची कविता म्हटली होती. वर्तमानपत्रात आलं होतं. बोलण्याच्या पद्धतीचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

तेव्हा मी ते सांगितलं जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "तिला त्या कवितेतल्या एकाही ओळीचा अर्थ माहीत नव्हता. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. टाळ्या संपल्यावर पडद्यामागे तिनं मला विचारलं होतं, ते कशाबद्दल होतं? मी म्हटलं, नंतर सांगते."

मी कधीच सांगितलं नाही, नाही का?

आणि तिथेच थांबले नाही. पहिल्या पत्रात मी तुला "थोडी बोलाचाली" असं लिहिलं होतं. काल मी सगळ्यांसमोर सांगितलं की पंधरा वर्षांपूर्वी पाहुणे आले होते. माझी बहीण सहावीच्या वर्गाला हातांनी शिकवत होती. मी म्हटलं, तोंडानं शिकव. ती थांबली नाही. मी पुढे जाऊन तिची दोन्ही मनगटं धरली आणि टेबलावर दाबून ठेवली, पाहुणे बाहेर जाईपर्यंत. तिच्या विद्यार्थ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी ती शाळा आणि घर दोन्ही सोडून गेली. हे मी सांगितलं आणि नंतर फळ्यावर लिहिलंही, कारण नियम मीच केला होता. "धरली" या शब्दाशी खडू मोडला.

मागे वळले तर भुवई माझ्याकडे बघत होती. ती त्या वर्गात होती. बारा वर्षांची, खिडकीशेजारच्या बाकावर. तिनं मान हलवली, एकदाच. माफ केल्यासारखी नव्हे. बरोबर लिहिलंत, अशी.

वर्ग चालू राहणार. पुढच्या वर्षी चौथीही तिच्याकडे. दर तीन महिन्यांनी परीक्षा घेऊन निकाल समितीपुढे ठेवायचा, अशी अट आहे. अट बरी आहे.

सगळे उठले तरी खिसाची आई बसून होती. म्हणाली, "तुमचं पटलं, बाई. पण मग माझी मुलगी कधी बोलणार?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे वाक्य मी कुठल्याही पालकाला पहिल्यांदाच म्हटलं असेन. ती तशीच निघून गेली. मला ते लागून राहिलंय.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं. तिसरं आल्यावर पहिलं चिकटवलं.

पद्धतीचं नाव विचारलं होतंस. नाव नाही, पुस्तक नाही. मुलाला आधीच काय ठाऊक आहे ते बघायचं आणि त्याला कळेल त्या भाषेत तिथून पुढे न्यायचं. हे मी तिला शिकवलं. पण वाटीचा प्रयोग मी शिकवलेला नाही. तो तिचा. मी असते तर उत्तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं, मला दम नाही. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते. हे तिला सांगू नकोस, किंवा सांग.

मनगटांबद्दल लिहिलंस ते खरं आहे. पण मी मनगटांसाठी घर सोडलं नाही. त्या संध्याकाळी तू घरी आलीस, पर्स ठेवलीस आणि म्हणालीस, "पाहुणे खूश होते." तुझे ओठ मी अगदी नीट वाचले. त्या दिवशी "मामा" आणि "बाबा"सारखा घोटाळा झाला नाही. हे तू चारही पत्रांत लिहिलेलं नाहीस. तुला आठवत नसेल. किंवा आठवत असेल.

आता त्या आईबद्दल.

मी बोलते, ताई. बँकेत बोलते, दवाखान्यात बोलते, घरमालकाशी भांडते. लोकांना कळतं. ते तू दिलंस आणि ते मी परत करणार नाही. तू वाईट शिकवायचीस असं मी कधीच म्हटलं नाही. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. एका "क"साठी तू माझ्यासमोर चाळीस दिवस बसली होतीस आणि एकदाही चिडली नाहीस.

त्या मुलीला बोलायला शिकवता येईल. तू शिकवू शकशील. शाळा सुटल्यावर अर्धा तास, वर्गाच्या वेळात नाही. पण आधी तिला विचार. तिच्या भाषेत विचार, आणि नाही म्हणाली तर सोडून दे. मला कुणी विचारलं नव्हतं.

कवितेचा अर्थ मी पुढे स्वतः शोधला. बरी आहे.

धाकटी

९ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

आठवत होतं.

पर्स कुठल्या खुंटीला अडकवली तेसुद्धा आठवतं. लिहायचं टाळलं, कारण मनगटं धरली हे सांगताना माणूस निदान संतापलेला तरी दिसतो. त्या वाक्यात काहीच नव्हतं. तू समोर उभी होतीस आणि मी पाहुण्यांबद्दल बोलत होते. याला माझ्याकडे शब्द नाही, आणि मागून मिळेल अशी क्षमाही नाही. मी ते इथे माझ्या हातानं लिहून ठेवते, एवढंच. पाचव्या पत्रात का होईना.

तू सांगितलंस तसं केलं.

तो प्रश्न मी भुवईकडून चार दिवस शिकले. "तुला तोंडानं बोलायला शिकायचंय का? नको म्हटलंस तरी चालेल." दुसरं वाक्य जमायला जास्त वेळ लागला. भुवया कधी चढवायच्या आणि कधी उतरवायच्या यात मी सारखी चुकत होते. भुवई माझ्यावर एकदाही चिडली नाही. चुकलं की ती नुसती थांबायची आणि मी स्वतःच ओळखावं म्हणून वाट बघायची. असं शिकवून घेताना राग येतो, माहीत आहे? आणि जे येतं ते मग जात नाही. तू लिहिलेलं मी तिला दाखवलं, ती तुझ्यापेक्षा चांगली शिकवते ते. तिनं कागद दोनदा वाचला.

काल शाळा सुटल्यावर खिसाला थांबवून घेतलं. तिची आई न्यायला आली होती, तिलाही बसवलं. मुलीसमोर बसले आणि विचारलं. वाक्य बरोबर गेलं, कारण ती हसली नाही. खिशातलं बटण काढून बोटांत फिरवत राहिली. खूप विचार केला तिनं. मग आईकडे बोट दाखवलं आणि मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी पुन्हा सांग म्हटलं. तिनं सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, पुन्हा सांगितलं.

"काय म्हणतेय?" आई म्हणाली.

मी सांगितलं, "ती म्हणते, मी तोंडानं बोलेन. आई हातांनी बोलेल का?"

आई म्हणाली, "मी? मला कसं जमणार, बाई? दहा-दहा तास पॅकिंग करते मी. आता या वयात?"

"तुमचं वय किती?"

"चौतीस."

तिला माझं वय दिसत होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. बोटांवरचे चिकटपट्टीचे तुकडे एकेक करून सोलून काढले. मग दोन्ही हात समोर धरले, आता यांचं काय करू, असे. म्हणाली, "तिला सांगा, आधी आई शिकव. नाहीतर माझं बाळ, असं काहीतरी."

मी सांगितलं. खिसानं जोरात मान हलवली. नाही. तिला दुसरंच काहीतरी शिकवायचं होतं. तिनं तळवा आईसमोर उभा धरला, ठाम, आणि किंचित पुढे ढकलला. आईनं तसं केलं. खिसानं नाही म्हटलं, बोटं सरळ हवीत. आईनं पुन्हा केलं. चौथ्यांदा तिला पसंत पडलं.

"याचा अर्थ काय?" आईनं मला विचारलं.

"थांब," मी म्हटलं.

बसची वेळ झाली होती. आईनं सवयीनं पिशवी उचलली, दाराकडे वळली. खिसानं पाय आपटला. आई वळली, तर मुलगी तळवा उभा धरून उभी, आणि मागोमाग तिचे हात सुरू झाले. काचेवरचा पंजा, वाटी, पंखा, जुलैपासून सांगायचं राहिलेलं सगळं.

आईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि ती थांबली.

ताई